दिल्या शब्दाला जागणं

३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या चर्चमध्ये वॉचनाइटची उपासना असते. बाराच्या ठोक्याला सगळे गुडघ्यांवर असतात. नव्या वर्षाचं पहिलं मिनिट सुरू होतं तेव्हा बाहेर पेठांमधून, कॅम्पातून फटाक्यांचा कल्लोळ येत असतो आणि आत पाळकसाहेब हात वर करून आशीर्वाद देत असतात. मग स्टीलचं एक मोठं ताट बाकाबाकांवरून फिरतं. ताटात बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्या असतात, सुरळी करून रंगीत दोऱ्यानं बांधलेल्या. डोळे मिटून एक उचलायची. जे वचन येईल ते आपलं, वर्षभरासाठी. लहानपणी मी आणि माझा धाकटा भाऊ एकमेकांच्या चिठ्ठ्या हिसकावून बघायचो, कुणाचं वचन जास्त चांगलं म्हणून भांडायचो. आजी डोळे वटारायची. तिच्या मते देवाच्या वचनात डावं-उजवं नसतं. आजीनं चर्चला शेवटपर्यंत देऊळच म्हटलं.

२०१८ संपलं त्या रात्री आईला जी चिठ्ठी आली तिच्यात यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन होतं. ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला हे वचन सांगावं लागत नाही. तुमच्याविषयी माझ्या मनात काय आहे ते मी जाणतो, ते तुमच्या भल्याचं आहे, वाइटाचं नाही, तुम्हाला पुढचे दिवस आणि आशा द्यायची आहे, असा त्याचा अर्थ. लग्नपत्रिकेवर ते असतं, दहावीच्या मुलांना द्यायच्या भेटकार्डावर असतं, रिक्षाच्या मागच्या काचेवरही मी पाहिलंय. घरी आल्यावर आईनं चिठ्ठी सरळ केली आणि महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेरीच्या आकाराच्या लोहचुंबकाखाली फ्रिजवर लावली. मी तिथे उभी राहून ती दोनदा वाचली. मनात म्हटलं, हे वर्ष आपलं.

कारण त्या वेळी माझा भाऊ अडीच वर्षं डायलिसिसवर होता.

रक्तदाबाकडे लक्ष गेलं नाही आणि कळेपर्यंत दोन्ही किडन्या गेलेल्या होत्या. वय एकोणचाळीस. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. किडनी द्यायला आई पुढे झाली, पण तिला मधुमेह. माझा रक्तगट बी, त्याचा ओ. पुण्यात अवयवदानाची प्रतीक्षायादी विभागीय केंद्राकडे असते, तिथे त्याचं नाव लागलं. ओ गटाच्या माणसाला फक्त ओ गटाचीच किडनी साधारणपणे चालते, त्यामुळे त्या रांगेत थांबणंही लांबतं. फोन कधीही येऊ शकतो, म्हणून आम्ही तिघं रात्री फोन उशाशी घेऊन झोपायचो. मोबाईल कंपनीचा जाहिरातीचा फोन पहाटे आला तरी छातीत धस्स व्हायचं.

डायलिसिसच्या माणसाचा खरा त्रास सुईचा नसतो, तहानेचा असतो. हे मला आधी माहीत नव्हतं. लघवी जवळजवळ थांबलेली, म्हणजे प्यायलेलं पाणी शरीरातच राहतं, फुप्फुसापर्यंत चढतं. त्याला दिवसाला एक लिटरची मुभा होती, चहा, आमटी, ताक सगळं धरून. एका बाटलीवर त्यानं काळ्या मार्करनं रेघा मारल्या होत्या. सकाळी चहा प्यायला की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचा, म्हणजे हिशेब बरोबर. एप्रिलच्या दुपारी तो बर्फाचा एक खडा तोंडात धरून खिडकीशी बसे आणि तो विरघळेपर्यंत बोलत नसे. भाज्या आम्ही उकळून पाणी फेकून द्यायचो, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून. टोमॅटो नाही, केळं नाही, शहाळं तर विषासारखं. आई चाळीस वर्षं वॉर्डात सिस्टर होती, तिला हे सगळं समजावून द्यावं लागलं नाही. रोज सकाळी ती त्याच्या डाव्या मनगटावर, जिथे शिरा जोडून फिस्टुला केला होता तिथे, तळवा ठेवायची. आत रक्त वेगानं फिरत असलं की थरथर लागते. झोपलेल्या मांजराच्या पाठीवर हात ठेवला की जशी गुरगुर हाताला लागते, तशी. थरथर लागली की ती "आहे" म्हणायची आणि चहा टाकायला जायची. मग तोही "आहे" म्हणायचा. आमच्या घरची सकाळची प्रार्थना त्या दोन शब्दांत व्हायची असं मला आता वाटतं, पण तेव्हा वाटलं नव्हतं.

त्या वर्षीचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, १९ एप्रिलला होता. बारा ते तीन उपासना, क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पंखे गरम हवा ढवळत होते. पाचव्या उद्गारावर, म्हणजे येशूला तहान लागते तिथे, बोलणारे गृहस्थ फार आध्यात्मिक बोलले. ही आत्म्यांची तहान आहे, मानवजातीच्या तारणाची तहान आहे, वगैरे. माझ्या शेजारी भाऊ ओठांवरून जीभ फिरवत बसला होता. तो वाकून हळूच म्हणाला, "ताई, पाण्याचीच असेल गं." बाकीची उपासना मला ऐकू आली नाही. अख्ख्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, ते एक वाक्य आता माझ्यासाठी त्याच्या आवाजात आहे.

जूनच्या अखेरीस पालख्या आल्या. आमचं घर नाना पेठेत. तुकोबांची पालखी आमच्याच पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला असते आणि माउलींची शेजारच्या भवानी पेठेत. आमच्या चर्चची तरुण मंडळी दरवर्षी रस्त्यावर टेबल मांडून वारकऱ्यांना पाणी देतात. भाऊ त्या दिवशी हट्टानं तिथे बसला. फुगलेल्या पावलांना चपला होत नव्हत्या, तरी बसला. दोन तास तो जगमधून पेल्यात पाणी ओतत होता आणि लोक त्याच्यासमोर घटाघटा पीत होते. एका म्हातारीनं पेला रिकामा करून त्याच्यासमोर धरला आणि म्हणाली, "माउली, तुमीबी घ्या की दोन घोट." तो हसून म्हणाला, "माझं झालं आजी." मी त्याच्याकडे बघत होते. मला आठवत होतं की तुकोबांनीही दुष्काळात घरातली माणसं अन्नावाचून जाताना पाहिली, आणि वह्या इंद्रायणीत गेल्यावर तेरा दिवस नदीकाठी अन्नपाण्यावाचून धरणं धरलं. देवाशी भांडायला दाराशी बसणारा माणूस दार सोडून गेलेला नसतो. आमच्या भजनांचे कवी नारायण वामन टिळक म्हणत की तुकोबांच्या पुलावरून ते ख्रिस्ताकडे आले. तो पूल पुण्याच्या किती जवळ आहे हे मला त्या दुपारी कळलं.

ऑगस्टमध्ये कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही शहराबाहेरच्या एका हॉलमध्ये आरोग्यदानाच्या, म्हणजे प्रार्थनेनं आजारी बरे करण्याच्या, सभेला गेलो. मी त्याबद्दल फार लिहिणार नाही. मोठे स्पीकर होते, रडणं होतं, पुढे येऊन साक्ष देणारे होते. उपदेशकानं भावाच्या डोक्यावर हात ठेवून जाहीर केलं की दोन महिन्यांत मशीन सुटेल. दोन महिन्यांनी मशीन सुटलं नाही. तेव्हा त्यांच्या माणसानं फोनवर आईला सांगितलं की घरात कुणाचातरी विश्वास कमी पडतोय. आई "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मी स्पष्टच लिहिते: आजाऱ्याच्या घरात हे वाक्य बोलणाऱ्या माणसानं पाप केलेलं असतं. कारण ते वाक्य घरातल्या प्रत्येकाच्या मनात रात्री फिरतं. कुणाचा? माझा? मी रात्री दोन वाजता बिछान्यात बसून माझा विश्वास तपासायचे, गॅस बंद केलाय का ते तपासावं तसा.

नोव्हेंबरमध्ये रक्तात जंतुसंसर्ग झाला. आठ दिवस अतिदक्षता विभागात होता. शेवटच्या दुपारी आईला आत बसू दिलं. तिनं नेहमीसारखा डाव्या मनगटावर तळवा ठेवला होता. मॉनिटर अजून काहीबाही आकडे दाखवत होता तेव्हाच तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. थरथर थांबली होती.

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो गेला आणि फ्रिजवर चिठ्ठी तशीच होती. घरी माणसं येऊन बसत होती, दूध काढायला, बर्फ काढायला फ्रिज उघडत होती, बंद करत होती. मी ती काढून फेकणार होते. आई म्हणाली, "राहू दे." मला तिचा राग आला. त्या रात्री मी प्रार्थना केली नाही, आणि नंतरच्याही कित्येक रात्री नाही.

रविवारी मात्र चर्चला जायची. जावंच लागायचं, कारण आईला स्कूटरवरून मीच नेणार. तिला बाहेर सोडून दीड तास कुठे काढायचा, म्हणून आत बसायचे. गाणी सुरू झाली की उपासना संगीताचं पुस्तक उघडून हातात धरायचे आणि तोंड बंद ठेवायचे. पेटी वाजायची, तबला वाजायचा, टिळकांचं ओळखीचं भजन सुरू व्हायचं आणि माझा गळा दगडासारखा. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, मी उठायचे नाही. आई उठायची, परत येऊन शेजारी बसायची. तिनं एकदाही विचारलं नाही. पाळकसाहेबांनीही विचारलं नाही. हस्तांदोलन करताना हात जरा जास्त वेळ धरून ठेवायचे, एवढंच. २०१९ च्या ३१ डिसेंबरला ताट आलं तेव्हा मी ते तसंच पुढे दिलं.

पुष्कळ दिवसांनी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. संशयी म्हणून ज्याचं नाव कायमचं झालं तो थोमा येशूच्या पुनरुत्थानाच्या संध्याकाळी इतर शिष्यांबरोबर नव्हता. नंतर त्यांनी प्रभूला पाहिल्याचं सांगितलं तेव्हा तो साफ म्हणाला, जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण योहानाच्या शुभवर्तमानात पुढे लिहिलंय की आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. हे आठ दिवस मला फार मोठे वाटतात. घरातल्या सगळ्यांना आनंद झालेला आहे, सगळ्यांनी प्रभूला पाहिलंय, आणि हा एकटा न मानणारा त्यांच्यातच जेवतोय, त्यांच्यातच झोपतोय. तो निघून गेला नाही आणि त्यांनीही त्याला घालवलं नाही. त्याला कुणी विचारलं नसेल का, तुझा विश्वास का कमी पडतोय म्हणून? विचारलं असेल तर ते लिहिलेलं नाही. मी स्कूटरमुळे बाकावर बसले होते. थोमा कशामुळे थांबला होता कुणास ठाऊक. पण पुढे प्रभूनं येऊन त्याला जखमा दाखवल्या, ते तो त्या खोलीत होता म्हणून झालं.

मग मार्च २०२० आला. चर्च बंद झालं, पेठांमधले रस्ते पत्रे ठोकून बंद झाले. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठरलं होतं, ते बेमुदत पुढे गेलं. तिला छापलेलं अक्षर दिसेना. आयुष्यभर रोज रात्री अध्याय वाचून झोपणारी बाई. चार दिवस तिनं काही म्हटलं नाही, पाचव्या दिवशी रात्री शास्त्र माझ्या मांडीवर आणून ठेवलं. "तुझं तू मानू नकोस. मला नुसतं वाचून दाखव." कुठून वाचू विचारलं तर म्हणाली, "यिर्मया." बावन्न अध्यायांचं पुस्तक, तेही बहुतेक सगळं रडणं आणि शापवाणी. मी रोज एक अध्याय वाचायला लागले, बातम्या वाचणारी बाई वाचते तसा.

दिवसभर तिचं वेगळंच चालायचं. डायलिसिस सेंटरमधल्या माणसांचे नंबर तिच्याकडे होते. रिक्षा बंद, बस बंद, आणि डायलिसिस काही लॉकडाऊन पाळत नाही. कुणाला पास कसा काढायचा ते सांग, कुणाला गाडीवाला जुळवून दे, कुणाची मुलगी विचारायची की पालक कितीदा उकळू, तिला सांग. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून नंबर मी लावून द्यायचे. आपला माणूस गेल्यावर ज्या दारावरून जायला नको वाटतं, त्याच दाराशी ती रोज फोनवरून जाऊन उभी राहत होती.

अठ्ठाविसाव्या रात्री हनन्या आला. मी हा अध्याय लहानपणी ऐकला असेल, पण आठवत नव्हता. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजानं यरुशलेममधली माणसं धरून नेलेली आहेत. हनन्या संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, माणसं, भांडी, सगळं. लोकांना किती बरं वाटलं असेल. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होतं, गुलामीची खूण म्हणून; हनन्यानं ते काढून मोडून टाकलं. मला तो हॉल आठवला, ते स्पीकर. पण मी थांबले ते वेगळ्याच जागी. हनन्याचं ऐकून यिर्मया आधी काय म्हणतो? आमेन म्हणतो. परमेश्वर तसंच करो, म्हणतो. हे खोटं आहे हे त्याला माहीत होतं, तरी खरं व्हावं असं त्यालाही वाटत होतं.

दुसऱ्या रात्री एकोणतिसावा. मी वाचायला कुरकुरले. आई म्हणाली, "पहिल्यापासून वाच."

पहिल्यापासून वाचल्यावर कळलं की ते एक पत्र आहे. यिर्मयानं यरुशलेमहून बाबेलला, धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं. त्यात लिहिलंय, घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं करून द्या. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या भल्याची इच्छा धरा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि मग दहावं वचन: बाबेलला सत्तर वर्षं पुरी झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. त्याच्या पाठोपाठ अकरावं, आमच्या फ्रिजवरचं.

सत्तर वर्षं. ज्यानं पत्र हातात घेतलं तो चाळिशीचा माणूस असेल तर तो एकशे दहा वर्षांचा होणार. म्हणजे होणार नाही. पुढे इसवी सनापूर्वी ५३९ मध्ये पर्शियाच्या कोरेश (सायरस) राजानं बाबेल घेतलं आणि लोकांना परत जायची मुभा मिळाली, हे खरं. पण पत्र ज्यांच्या नावानं आलं त्यांतले बहुतेक तोवर परक्या मातीत पुरले गेले होते.

"आई, हे तुला माहीत होतं?"

"काय गं?"

"सत्तर वर्षांचं."

"हो की. एक तारखेलाच वाचला होता अख्खा अध्याय. चिठ्ठी आली की मी मागचं-पुढचं वाचतेच."

"मग फ्रिजवर का लावलीस?"

ती थोडा वेळ गप्प बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना काय गणित येत नव्हतं? कळलंच असेल त्यांना की आपण काही परत जात नाही. तरी बांधलीच ना घरं. आपल्याला टाकलेलं नाही एवढं कळलं त्यांना त्या पत्रानं."

"आणि किडनीसाठी रोज प्रार्थना करत होतीस ती?"

"मागायचं का नाही? यिर्मयाही आमेन म्हणालाच की, काल वाचलंस ना."

मला रडू आलं, आणि ते दुःखाचं कमी, रागाचं जास्त होतं. वर्षभर मी त्या चिठ्ठीकडे बँकेच्या हमीपत्रासारखी बघत होते. मुदत, रक्कम, सही. तिनं मात्र पहिल्या दिवशीच सगळं वाचलं होतं, आणि तरी रोज सकाळी मनगटावर हात ठेवून "आहे" म्हणत होती. हे मला का सांगितलं नाहीस, म्हणून मी ओरडले. ती म्हणाली, "तू ऐकलं असतंस?" नसतंच ऐकलं.

पुढे बत्तिसावा अध्याय आला. शहराला वेढा पडलाय, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि तो अनाथोथ गावचं शेत विकत घेतो, सतरा शेकेल चांदी तोलून देऊन. साक्षीदार, शिक्का, खरेदीखत, सगळं रीतसर. खत मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. जे शेत उद्या शत्रूच्या पायाखाली जाणार ते. आई एकदम म्हणाली, "केडगाव."

माझी पणजी, म्हणजे आईची आजी, पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनात वाढलेली. पंडिता रमाबाईंनी दुष्काळाच्या आधीच केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली होती. स्वतः रमाबाईंचे आई-वडील त्याआधीच्या दुष्काळात उपासमारीनं गेलेले, भाऊ गेलेला, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पटकीनं गेलेला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून भुकेल्या मुली घेऊन आल्या, तर पुण्यात प्लेग. सरकारी निर्बंधांमुळे मुलींना शहरात ठेवता येईना, तेव्हा त्या केडगावच्या शेतावर नेल्या. पणजी त्यांतली एक, सहा वर्षांची. नंतर ती तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून शास्त्राचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या, आणि खिळे जुळवणाऱ्या त्या मुलीच होत्या. ज्या मनोरमेच्या हाती सगळं सोपवायचं ती एकुलती लेक १९२१ मध्ये गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. संपूर्ण शास्त्र छापून बाहेर आलं १९२४ मध्ये. पणजी आईला सांगायची की खिळ्यांचं अक्षर उलटं असतं, वाचता येत नाही, छापून कागद निघाला की मगच सुलटं दिसतं. आईला हे सांगताना पणजीला काही मोठं सुचवायचं नव्हतं. ती कामाचं सांगत होती. पण मला ते राहून राहून आठवतं.

चर्च पुन्हा उघडल्यावर एका अभ्यासवर्गात पाळकसाहेबांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. यिर्मयाच्या पहिल्याच अध्यायात देव त्याला विचारतो, तुला काय दिसतं? तो म्हणतो, बदामाची डहाळी. देव म्हणतो, बरोबर पाहिलंस, मी माझं वचन पुरं करायला जागा आहे. मराठीत वाचताना बदामाचा आणि जागण्याचा संबंध लागत नाही. हिब्रूत बदाम म्हणजे 'शाकेद' आणि जागा असणारा म्हणजे 'शोकेद'. थंडी सरता सरता इतर झाडं झोपलेली असताना बदाम सगळ्यांच्या आधी फुलतो, म्हणून त्याचं नावच जागणारा. मी मागच्या बाकावर बसून त्या दोन शब्दांकडे बघत राहिले. आपल्याकडे नाही का म्हणत, माणूस दिल्या शब्दाला जागला? शब्द पाळणं वेगळं. पाळून झालं की काम संपलं. जागायचं म्हणजे झोपायचं नाही. फोन उशाशी ठेवून आम्ही तिघं जसे पडून राहायचो. आई पहाटे चारला उठून भावाचा श्वास ऐकायला त्याच्या दाराशी जायची, तसं.

देवानं शब्द पाळला का, असं मला कुणी विचारलं तर माझ्या भावाच्या बाबतीत मी हो म्हणू शकत नाही. जी लोकांना मिळाली ती आशा एका माणसाला का मिळाली नाही, हा प्रश्न माझ्याकडून सुटलेला नाही, आणि तो सुटल्यासारखं दाखवणाऱ्यांपासून मी दूर बसते. पण त्या तीन-साडेतीन वर्षांत त्या घरात कुणीतरी जागं होतं. बर्फाचा खडा तोंडात धरून खिडकीशी बसलेल्या माणसाजवळ, त्याच्या बाटलीवरच्या रेघांजवळ, त्या वाकून म्हटलेल्या "पाण्याचीच असेल गं" जवळ. क्रुसावर ज्याला पाण्याची तहान लागली तो. हे मी मानते. हे मी मानते असं लिहितानाही माझा हात थोडा थांबला, तरी लिहिते.

गाणी आता म्हणते. सगळी नाही. आजार पळून गेल्याची जी आहेत ती आली की पुस्तक हातात धरून गप्प उभी राहते, आणि त्याचं मला काही वाटत नाही. प्रभुभोजनाला उठते. पेला ओठांना लावताना अजूनही मनात हिशेब होतो की हा घोट किती मिलिलिटरचा.

गेल्या ३१ डिसेंबरला आईला थंडी बाधेल म्हणून आम्ही मागच्या बाकावर, दारापासून लांब बसलो होतो. ताट आलं. मी डोळे मिटून एक सुरळी उचलली, कितीतरी वर्षांनी. घरी यायला एक वाजला. आईचे दोन्ही डोळे आता चांगले आहेत, पण रात्री वाचायचं काम माझंच राहिलंय. तिनं शाल पायांवर ओढली आणि विचारलं, "काय आलं?"

मी दोरा सोडला आणि वचन वाचलं.

"हं," ती म्हणाली. "आता अध्याय काढ. पहिल्यापासून."

मी चष्मा शोधायला उठले.